पोटापाण्याची पुस्तकं : गेल्या काही वर्षांत वाचलेल्यांपैकी मनापासून सुचवावीत अशी

"चांगलं काहीतरी वाचायला सांग ना" असं कुणी म्हटलं की पूर्वी मी लगेच नावं सांगायला लागायचे. आता आधी विचारते की तुला काय बघायला आवडतं. कारण मला स्वतःला काय आवडतं ते आता पक्कं कळलंय. पुस्तकातला माणूस पोटासाठी नेमकं काय करतो ते मला दिसलं पाहिजे. म्हणजे तो दुःखी आहे, एकटा आहे, प्रेमात पडलाय हे सगळं ठीक, पण सकाळी उठून तो करतो काय, त्याला पैसे कोण देतं, किती देतं, आणि ते काम हातातून गेलं की घरात काय होतं? हे ज्या लेखकाला माहीत असतं त्याचं पुस्तक सहसा खोटं निघत नाही. गेल्या काही वर्षांत वाचलेल्यातली जी माझ्या मनातून गेलीच नाहीत ती सगळी अशीच निघाली. काही अगदी नवी आहेत, काही आजोबांच्या काळातली, तेव्हा नवीन-जुनं असा भेद करत नाही, जशी आठवतील तशी सांगते.

सगळ्यात आधी देविदास सौदागर यांची 'उसवण'. हिला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला तेव्हा बातमीत वाचलं की लेखक तुळजापूरचे आहेत आणि स्वतः शिवणकाम केलेले आहेत, तेवढ्यावर मागवली. छोट्या गावातला एक शिंपी, रेडिमेड कपडे आल्यावर त्याच्या हातातलं काम हळूहळू कसं जातं, एवढीच गोष्ट. पुस्तक लहान आहे, दोन बैठकीत संपतं.

माझी आई ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवायची, त्यामुळे हे पुस्तक मला जरा जास्तच लागलं हे खरंय. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या घरात जमिनीवर पाय ठेवायला जागा नसायची, अस्तराचे तुकडे, हुकांच्या पट्ट्या, प्रत्येक पिशवीत मापाचा जुना ब्लाऊज आणि त्यावर टाचणीने लावलेली नावाची चिठ्ठी. मग लेगिंग आणि कुर्ते रेडिमेड यायला लागले आणि आधी ड्रेस बंद झाले, मग ब्लाऊजही कमी झाले, शेवटी राहिलं ते फॉल-पिको आणि ऑल्टर. दुकानातून तीनशेला आणलेल्या कुर्त्याच्या बाह्या कमी करून द्यायच्या आणि वीस रुपये मागितले तरी गिऱ्हाईक म्हणणार, एवढे कशाला? म्हणजे ज्या मालाने आपलं काम खाल्लं त्याचीच दुरुस्ती करून जगायचं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि 'उसवण' वाचताना वाटलं की हे अखेर कुणीतरी कागदावर उतरवलं. सौदागर मोठमोठी वाक्यं लिहीत नाहीत, बाजार, जागतिकीकरण वगैरे भाषण देत नाहीत. गिऱ्हाईक येतं, नाही येत, उधारी राहते, एवढ्यातूनच सगळं समजतं. आत्महत्या, मारामारी, मोठा ड्रामा अशा अपेक्षेने कुणी वाचायला घेतलं तर त्याला कदाचित संथ वाटेल. मला तो संथपणाच बरोबर वाटला, कारण काम जातं ते असंच जातं, एका दिवसात नाही.

आता एकदम मागे जाऊ. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. शाळेत याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, '१८५७ च्या बंडाची हकीकत' एवढंच पाठ असतं, आणि बहुतेकांनी ते वाचलेलं नसतं. मला तर कुणी सांगितलंच नव्हतं की ही मुळात नोकरीसाठी, खरं म्हणजे दक्षिणेसाठी, घर सोडून गेलेल्या माणसाची गोष्ट आहे! पेणजवळ वरसई नावाचं गाव, तिथला गरीब भिक्षुक ब्राह्मण, डोक्यावर कर्ज. त्याला कळतं की मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि लाखांनी दानधर्म होणार आहे. आईवडिलांची समजूत काढून तो काकांबरोबर चालत निघतो. आणि नेमका १८५७ साली निघतो!

इतिहासाच्या पुस्तकात बंड वरून दिसतं, कोणती पलटण कुठून कुठे गेली वगैरे. इथे ते रस्त्यावरून दिसतं. हा माणूस ना सैनिक, ना राजकारणी. कुठे कोण काय देतंय, रात्री मुक्कामाला जागा कुठे आहे, जवळचे पैसे कुठे लपवायचे, ही त्याची काळजी. झाशीत त्याला राणीच्या आश्रयाने जरा बरे दिवस येतात, आणि मग १८५८ च्या वसंतात इंग्रजांचा वेढा पडतो. तोफांचे गोळे शहरात पडतात ते दिवस, शहर पडल्यावरची कत्तल, लपून बसणं, पाण्यासाठी तडफडणं, हे सगळं त्याने जे लिहिलंय ते वाचताना मी मध्ये पुस्तक खाली ठेवून घरात एक चक्कर मारली होती. लुटीचं वर्णन तर फारच भयंकर. एकदा येऊन गेले म्हणजे सुटलो असं नाही, आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड असं टप्प्याटप्प्याने शहर रिकामं करत गेलेत. राणीच्या वाड्यातला ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला त्याचं त्याला झालेलं दुःख वेगळंच आहे, ते पोथ्यांवर पोट असलेल्या माणसाचं दुःख आहे.

आणि काल्पीच्या बाजूला विहिरीवर राणी भेटते तो प्रसंग. लढाई हरून आलेली, धुळीने माखलेली, तहानलेली. हा ब्राह्मण तिच्यासाठी पाणी काढायला पुढे होतो तर ती म्हणते तुम्ही विद्वान, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि मग ती जे बोलते ते कुठल्याही सिनेमातल्या राणीने बोललेलं नाही. ते मी इथे सांगत नाही, तिथपर्यंत वाचत जाऊनच ते कळायला हवं. पुतळ्यातली, घोड्यावरची झाशीची राणी सगळ्यांना माहितीये, विहिरीच्या काठावर बसलेली ही बाई मला या पुस्तकाने दिली.

शेवटी काय होतं, तर दोन-तीनदा मिळवलेले सगळे पैसे लुटले जातात आणि हा माणूस खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी परत येतो, आईवडिलांना गंगास्नान घालण्यासाठी. म्हणजे ज्यासाठी गेला ते हाती लागलंच नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने ही हकीकत लिहून काढली, त्याबद्दल वैद्यांनी त्याला शंभर रुपये दिले असं सांगतात, पण इंग्रजांच्या राज्यात ती छापायची हिंमत होईना. पुस्तक निघालं १९०७ साली, तोपर्यंत गोडसे भटजी वारले होते. तेही वैद्यांनी बदल करून, काटछाट करून छापलेलं. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आवृत्ती काढली, तेव्हा विकत घेताना एवढं बघाच, मूळ हस्तलिखितावरची आहे की वैद्यांच्या संहितेवरची, प्रस्तावनेत ते लिहिलेलं असतं. भाषेची भीती वाटत असेल तर सांगते, पहिली दहा-पंधरा पानं जड जातात, नंतर कान तयार होतो. मोठ्याने वाचलं तर आणखी लवकर होतो.

कृष्णात खोत यांची 'रिंगाण' माझ्या मते गेल्या दहा वर्षांतल्या मराठी कादंबऱ्यांत फार वरची आहे. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार हिला मिळाला. खोत पन्हाळ्याच्या भागातले, ती बोली, ते रान त्यांच्या अंगातच आहे. धरणासाठी गाव उठलेलं, माणसं दुसरीकडे नेऊन टाकलेली, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा नावाचा माणूस परत जुन्या गावाकडे जातो. एवढंच कथानक. पण ती म्हैस आता गोठ्यातली राहिलेली नाही, रानातली झालीय, ती त्याला ओळखत नाही, की ओळखूनही ओळख देत नाही? आणि हा तरी आता कुणाचा राहिलाय? नव्या जागेत तो उपरा आणि जुन्या जागेत पाणी.

धरणग्रस्तांवर वाचायचं म्हटलं की सगळे विश्वास पाटलांची 'झाडाझडती' सांगतात, आणि ती वाचायलाच हवी, १९९२ चा अकादमी पुरस्कार तिला उगाच नाही मिळाला. त्यात सरकारी कचेऱ्या, पुढारी, मोबदला, खैरमोडे गुरुजींची धडपड, सगळा पसारा आहे. 'रिंगाण'मध्ये कचेरी जवळजवळ नाहीच. एक माणूस, एक जनावर आणि रान. मला वाटतं दोन्ही लागोपाठ वाचाव्यात, आधी 'झाडाझडती' म्हणजे अन्याय कसा होतो ते कळेल, मग 'रिंगाण' म्हणजे तो अन्याय माणसाच्या आत कुठपर्यंत गेला ते कळेल. ज्यांना कोल्हापुरी बोली कानाला सवयीची नाही त्यांना सुरुवातीला थांबत थांबत वाचावं लागेल. एकदा त्या म्हशीच्या मागे चालायला लागलात की नाही थांबणार. जनावराचं वागणं इतकं बारकाईने लिहिलेलं मी मराठीत क्वचित वाचलंय, तिचं फुरफुरणं, वास घेणं, मान वळवून बघणं, तिथे लेखक म्हशीच्या तोंडी माणसाचे विचार कोंबत नाही आणि तरीही ती पूर्ण पात्र आहे.

'बलुतं' मी खूप उशिरा वाचलं. दया पवारांचं हे आत्मकथन १९७८ चं, ग्रंथालीने काढलं होतं. याबद्दल इतकं बोललं गेलंय की आपण न वाचताच वाचल्यासारखं वाटतं. तसं समजू नका. यातल्या दोन जागा माझ्या डोक्यात कायम आहेत, एक म्हणजे मुंबईतला कावाखाना, जिथे गावाकडून आलेली माणसं एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात, पुरुष गोदीत नाहीतर गिरणीत, आणि बायका रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा गोळा करून विकणाऱ्या. दुसरी म्हणजे गावातलं महारकीचं काम. ते काम कधी सुरू होतं आणि कधी संपतं याला हिशोबच नाही. कुणी मेलं की परगावी निरोप घेऊन पळायचं, अधिकारी आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचं, दिवस असो की रात्र, आणि त्याबद्दल मिळणार काय तर सुगीला खळ्यावर पेंढ्या, त्याही कुरकुरत दिलेल्या. गावगाडा किती सुंदर होता, सगळे एकमेकांवर अवलंबून कसे होते असं ज्यांना वाटतं त्यांनी ती पानं वाचावीत. पवार कुणालाच सोडत नाहीत, स्वतःलाही नाही, स्वतःच्या माणसांनाही नाही, त्यावरून तेव्हा त्यांच्यावर त्यांच्याच समाजातून बरीच टीका झाली होती. मला तो नितळपणा फार धाडसाचा वाटतो. दगडू नावाचा माणूस दया पवारांना आपली कहाणी सांगतोय अशी रचना आहे, म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसलेत, एक सांगतोय आणि एक लिहून घेतोय. जेरी पिंटो यांनी याचा इंग्रजी अनुवाद केलाय, तेव्हा ज्यांची मुलं मराठी वाचत नाहीत त्यांच्यासाठी तोही रस्ता आहे.

याच्याच पुढे 'भुरा' वाचावं, शरद बाविस्करांचं. २०२१ मध्ये लोकवाङ्मय गृहाने काढलं. धुळ्याकडचा, दहावीला इंग्रजीत नापास झालेला मुलगा, मजुरी करतो, आणि पुढे भाषाच शिकत शिकत दिल्लीला जेएनयूत फ्रेंचचा प्राध्यापक होतो. असं सांगितलं की लोकांना वाटतं हे प्रेरणादायी वगैरे असणार, यशाची शिडी टाइप. तसं ते अजिबात नाही. बाविस्कर स्वतःच त्या चौकटीला विरोध करतात, माझ्यासारखा एखादा वर आला म्हणून व्यवस्था ठीक आहे असं समजू नका, असा एकूण सूर. मला सगळ्यात आवडली ती त्यांची आई. शाळा न शिकलेली, दिवसभर कामात गढलेली, आणि विचाराने इतकी स्वच्छ की लेखकाने युरोपातले सगळे तत्त्वज्ञ वाचून शेवटी तिच्याकडेच यावं. अहिराणी बोलणं जिथे जिथे येतं तिथे पुस्तक एकदम उजळतं. एक तक्रार आहे. उत्तरार्धात विचारवंतांची नावं आणि संकल्पना दाटीने येतात, ज्यांना त्याची सवय नाही ते तिथे अडकतात. माझ्या दोन मैत्रिणी तिथेच थांबल्या होत्या. मी त्यांना सांगितलं ती पानं हवं तर भराभर घ्या पण सोडू नका.

'बनगरवाडी'बद्दल मी नवीन काय सांगणार. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर कोवळ्या वयाचा मास्तर येतो, शाळेत मुलं नाहीत कारण मुलं मेंढरांमागे गेलीत. इथे मास्तरकीचं काम म्हणजे पाढे शिकवणं कमी आणि लोकांची कामं करणं जास्त, पत्र लिहून दे, बाजारातून काही आणून दे, भांडण मिटव. त्यातूनच वाडी त्याला आपला मानते, सगळे मिळून तालमीची इमारत उभी करतात. आणि मग दुष्काळ. बारीकसं पुस्तक आहे पण त्यात कारभारी, आनंदा रामोशी, दादू बालट्या अशी माणसं आहेत की ती आपल्याच गावची वाटतात. शाळेत धडा म्हणून एखादा तुकडा वाचून 'झालं वाचून' असं समजणाऱ्यांनी पूर्ण वाचावं एवढीच विनंती. घरात सातवी-आठवीतलं मूल असेल तर त्याला रोज रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा, आम्ही भाच्याला दाखवलं, तो तिसऱ्या दिवशी स्वतःच पुढे वाचून मोकळा झाला.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' या यादीत बसतं का असं मला कुणीतरी विचारलं, कारण त्यात नोकरीधंदा कुठाय? मी म्हणते त्यात तर कामच काम आहे. पैसा घरात टिकू न देणाऱ्या, मनात आलं की घर सोडून निघणाऱ्या कवीबरोबर संसार करायचा, हे काम नाही? रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, बाई १९०० साली, मधली पाच वर्षं त्यांनी कशी काढली आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईच्या मनातून जात कशी गेली, ते त्यांनी इतक्या साध्या, हसऱ्या, घरगुती मराठीत लिहिलंय की आज कुणी लिहिलंय असं वाटावं. औपचारिक शिक्षण जवळजवळ नाही आणि मराठीतलं इतकं उत्तम गद्य! संक्षिप्त आवृत्ती बाजारात मिळते, ती घेऊ नका, पूर्ण घ्या, कारण कापलेल्या भागातच स्वयंपाकघर आहे.

कुठे मिळतील म्हणाल तर यातली सगळी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात किंवा प्रकाशकांच्या साइटवर सापडतात, 'उसवण' देशमुख आणि कंपनीची आहे, 'रिंगाण' शब्दालयची. ऑनलाइन मोठ्या साइटवरून घेताना विक्रेता कोण आहे ते बघा, 'बलुतं'ची एक प्रत मला अंधूक छपाईची, मध्ये पानं उलटी लागलेली आली होती, सरळ सरळ झेरॉक्स करून बांधलेली. अशा प्रतीचा पैसा ना लेखकाच्या घरी जातो ना प्रकाशकाकडे. थोडे जास्त गेले तरी चालतील, खरी प्रत घ्या.

वाचायची सवय सुटली असेल तर 'उसवण' किंवा 'बनगरवाडी'पासून सुरू करा, दोन्ही लहान आहेत. कॉलेजातल्या मुलाला किंवा मुलीला काही द्यायचं असेल तर 'भुरा'. आईला, सासूबाईंना 'स्मृतिचित्रे', आणि त्यांनी वाचून झालं की त्यांच्याशी त्यावर बोला. आमच्याकडे त्यातून आजीच्या माहेरच्या सोवळ्याच्या अशा गोष्टी बाहेर आल्या ज्या कुणी कधी विचारल्याच नव्हत्या. 'माझा प्रवास'ला मात्र सलग सुट्टी लागते, चार दिवस मोकळे असतील तेव्हाच हातात घ्या, आणि शेजारी नकाशा ठेवा, पेण, महू, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी. ही सगळी वाट तो माणूस चाललाय.

सध्या रंगनाथ पठारेंची 'सातपाटील कुलवृत्तांत' वाचतेय, सातशे वर्षांचा एका घराण्याचा पट आहे, अजून अर्ध्यावरही नाही. पूर्ण झाल्यावर तिच्याबद्दल वेगळं लिहीन. शिंपी, कुंभार, कोष्टी, ड्रायव्हर, नर्स, कुणाच्याही कामावरचं चांगलं मराठी पुस्तक तुम्हाला माहीत असेल तर मला जरूर सांगा, नर्सच्या कामावरचं तर मी कधीपासून शोधतेय.